पितृपक्षात नावावर झालेली गाडी

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. कधी, तेही सांगते: घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी, वर्धा रोडवरच्या एका मोटारींच्या शोरूमचं दार उघडायची वेळ झाली आणि ते उघडलं नाही तेव्हा. मागच्या यार्डात, जाळीच्या फाटकापलीकडे, तिची गाडी उभी होती. पूर्ण पैसे भरलेली, तिच्या नावावर झालेली, नंबरप्लेट लागलेली. आणि फाटकाला दोन कुलपं होती. एक शोरूमचं जुनं, गंजलेलं. दुसरं बँकेचं, कोरं करकरीत.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. आमचा ग्राहकांचा एक छोटा गट आहे. दवाखान्याची बिलं, खाजगी शाळांच्या फिया, गाड्यांच्या किमती, असल्या भानगडींवर आम्ही पत्रकं काढतो आणि चौकात उभं राहून वाटतो. माझं शिक्षण मात्र त्याच्या आधी झालं, विजयादशमीच्या गर्दीत. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत उभं राहून मी शाळेत असल्यापासून पत्रकं वाटली आहेत. तिथं लवकर कळतं की कागद हातात देताना समोरच्याच्या डोळ्यात पाहिलं नाही, तर तो त्याच कागदावर तर्रीपोहे घेऊन खातो. आणि लिहिताना ‘जनतेवर अन्याय’ असं लिहायचं नाही. जनता म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, दुसरं कोणीतरी असेल. कोणावर, कधी, कोणी केला ते लिहायचं.

म्हणून आत्यापासून सुरुवात केली. आज लिहिताना मी हसू शकते, छातीवरचा धोंडा उतरलेला आहे. त्या सकाळी हसू येत नव्हतं.

आत्या कामठीला राहते. एसटीत कंडक्टर होती, आता निवृत्त. निवृत्तीनंतर तिनं काय केलं, तर सरळ मोटार शिकवणाऱ्याच्या शाळेत नाव घातलं. शिकवणारा पोरगा तिच्या मुलाच्या वयाचा. पहिल्या दिवशी त्यानं क्लच म्हणजे काय ते समजावायला घेतलं, तर ही म्हणे, “ते मले माहीत आहे गा. तू फक्त बाजूले बस आन घाबरू नको.” लायसन मिळालं आणि तिनं घरात जाहीर केलं की मी गाडी घेते.

माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, कळमन्याच्या फळबाजारात एका अडत्याकडे कामाला आहेत. ते बिघडले. “कामठीहून यायले शेअर ऑटो आहे, बस आहे. गाडी कोणाले दाखवायची आहे तुले?”

“दाखवायची नाही, चालवायची आहे,” आत्या म्हणाली. “उभी नोकरी ड्रायव्हरची पाठ पाहून गेली. आता मले रस्ता पाहू दे.”

एवढीच गोष्ट होती. तिला श्रीमंती नको होती, मिरवायचं नव्हतं. स्टेअरिंगवर स्वतःचा हात हवा होता. त्यासाठी निवृत्तीचे पैसे ती घालणार होती, आणि ते बुडाले तर दुसरी गाडी तिच्या आयुष्यात येणार नव्हती. बाबा तोंडानं बोलले नसते, पण ‘सांगितलं होतं’ हे त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभर राहिलं असतं.

गाडी निवडली ती एका नव्या कंपनीची, छोटी, विजेवर चालणारी. कंपनी देशी होती, तिच्या जाहिराती पानभर, आणि रस्त्यावरच्या फलकावर किंमत अशी की फटफटीवाल्यालाही वाटावं, आपणही घेऊ. त्या फलकावरच्या किमतीला मी पत्रकात ‘लांबून दिसणारी किंमत’ म्हणते. जवळ गेलं की ती वाढत जाते.

आम्ही शोरूममध्ये गेलो तेव्हा पितृपक्ष लागला होता. आत शुकशुकाट. चकचकीत फरशी, थंडगार हवा, आणि गिऱ्हाईक म्हणावं तर कोपऱ्यात एक जोडपं. पितृपक्षात आपल्याकडे कोणी गाडी उचलत नाही. पण दारात मोठा फलक होता: पितृपक्ष ऑफर. पूर्ण पैसे आत्ता भरा, खास सूट मिळवा, डिलिव्हरी दसऱ्याच्या मुहूर्तावर.

आम्ही बौद्ध. आमच्याकडे पितरं जेवत नाहीत आणि अमावास्येला आम्ही कामावर जातो. सूट वाचून आत्याचे डोळे चमकले. “पाहा,” ती माझ्या कानात म्हणाली, “लोकं घाबरून राहिले म्हणून आपल्याले स्वस्त.”

सेल्समन कोवळा होता, गळ्यात टाय, पायात धुळीनं माखलेल्या चपला. त्यानं हिशेबाचा कागद पुढं सरकवला. आत्यानं चष्मा चढवला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायला लागली. मी मनात कायद्याची कलमं रचून तयार होते, पण तिनं मला बोलूच दिलं नाही.

“हे हँडलिंग काय असते?”

“मॅडम, गाडी फॅक्टरीतून येते, मग आमच्या यार्डात उतरते, धुवायची, पुसायची, इथंपर्यंत आणायची. तेचे चार्जेस.”

“म्हणजे बस डेपोतून स्टँडवर आणली, तेचे पैसे मी पॅसेंजरकडून घ्यायले पाहिजे होते?”

“नाही मॅडम, सगळेच घेतात...”

“सगळे घेते म्हणून त मी विचारून राहिली. तिकिटावर छापलं तेवढंच घ्यायचं असते बापा. एक रुपया जास्त घेतला असता त चेकिंगवाल्यानं मले मधातच उतरवलं असतं. बरं, हे एसेन्शियल किट?”

“सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप. ते कंपल्सरी आहे.”

“एसेन्शियल त स्टेअरिंग असते. ते किमतीत आहे ना?”

कोपऱ्यातल्या जोडप्यातली बाई फिसकन हसली. सेल्समनही हसला, मग आपण हसायला नको होतं हे आठवून गंभीर झाला. विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, हे वाक्य त्यानं अर्ध्यावर सोडलं, कारण तेवढ्यात मी बॅगेतून आमच्याच गटाचं पत्रक काढून त्याच्या टेबलावर ठेवलं होतं. विमा कुठून घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवतं, असं त्यात ठळक अक्षरात होतं. तो आत जाऊन मालकाशी बोलून आला. हँडलिंग गेलं, किट गेलं, विमा आम्ही बाहेरून घेतला. सणासुदीत हे कधीच झालं नसतं, दारातूनच हाकललं असतं. पितृपक्षात गिऱ्हाईक सोडवत नाही.

मग तो म्हणाला, “पैसे आज भरून द्या मॅडम. पासिंग आपण दसऱ्याच्या टायमाले करू. आत्ता नावावर नका करू.”

पासिंग म्हणजे आरटीओत नोंद होऊन गाडी आपल्या नावावर होणं, नंबर मिळणं.

“काहून?” आत्या म्हणाली.

“पक्ष चालू आहे ना. लोकं नाही करत.”

“लोकं नाही करत म्हणजे आरटीओत गर्दी नसन. मग लवकर होईन. आत्ता कर.”

“पण मॅडम...”

“पैसे घ्यायले पक्ष आडवा नाही येत आन नाव लिहायले येते? पैसे भरते त त्याच हातानं नाव लाव. नाहीतर पैसेही दसऱ्यालेच घेशील.”

कोपऱ्यातलं जोडपं ऐकत होतं. नवरा कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात, बायको तिथल्याच एका शाळेत ऑफिसात. त्यांनी त्याच रंगाची, त्याच बनावटीची गाडी ठरवली होती. ती बाई न राहवून म्हणाली, “काकू, या पंधरवड्यात नवी वस्तू नावावर करू नये. आम्ही त दसऱ्यालेच करून राहिलो.”

“तुमचं तुम्ही करा वं बाई,” आत्या म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. “मले कोणी रागावणारं नाही वर.”

त्या जोडप्यानं पैसे पूर्ण भरले आणि नाव दसऱ्यावर ठेवलं. मला त्यांच्या श्रद्धेला हसायचं नाही, हे इथंच लिहून ठेवते. आपल्या माणसांची आठवण काढायचे दिवस कोणी पाळत असेल तर पाळो. मी बोट दाखवते आहे ते त्या श्रद्धेवर पैसे फिरवणाऱ्याकडे.

चार-पाच दिवस आत्या रोज फोन करून सेल्समनला हैराण करत राहिली आणि एका दुपारी नंबर आला. प्लेट लागली. आम्ही जाऊन पाहून आलो. सेल्समन म्हणाला, “न्या मॅडम, तुमचीच आहे.” चार्जिंग पूर्ण झालेलं होतं, चावी त्यानं पुढं केली होती.

आणि माझी आत्या, जी पितरांना घाबरत नाही, अमावास्येला घाबरत नाही, ती म्हणाली, “नाही. आत्ता नाही. विजयादशमीले नेईन.”

मी तिला तिथंच टोकलं. “म्हणजे तूही मुहूर्तच पाहतेस?”

“मुहूर्त नाही वं तो. आपला दीक्षेचा दिवस आहे.”

“त्या दिवशी तिकडचे रस्ते बंद असतात आत्या. गाडी कुठं नेशील, लोकांच्या डोक्यावरून?”

“दीक्षाभूमीच्या दारापर्यंत न्यायची कोण म्हणते? घरून त निघायची. माही माय दीक्षेच्या साली कामठीहून पायी गेली होती, लेकराले कडेवर घेऊन. मी त्या दिवशी स्वतः गाडी चालवत निघीन, जिथं अडवतीन तिथं लावीन, पुढं पायी जाईन. पण निघीन त स्वतः.”

  कडेवरचं ते लेकरू म्हणजे आत्याचा थोरला भाऊ होता, तो आता नाही. गाडी यार्डातच राहिली. सेल्समनला आनंदच झाला, पुसून, झाकून, सावलीत ठेवतो म्हणाला. कोणतीच तिथी न मानणाऱ्या बाईनं एकच दिवस मानला आणि तेवढ्यात गाडी अडकली.

अमावास्येच्या सकाळी मला एका मैत्रिणीचा फोन आला. बातमी मोबाइलवर फिरत होती: कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, कारखाना बंद. मी तशीच शोरूमकडे धावले. आत्या कामठीहून शेअर ऑटोनं आली, बर्डीच्या स्टँडवर ऑटो बदलून, दम लागलेली. तोवर फाटकासमोर गर्दी जमली होती. सेल्समनचा फोन बंद, मालकाचा बंद. बँकेचा पहारेकरी खुर्ची टाकून बसलेला, त्याला काहीही विचारा, “मला माहीत नाही.” कोणी रडत होतं, कोणी व्हिडिओ काढत होतं, एक माणूस फाटकाला लाथा घालत होता.

मी काय केलं? मी पत्रकाचा मथळा शोधायला लागले. खरंच. तिथंच, फाटकाला टेकून, मोबाइलवर लिहायला लागले. आत्यानं मोबाइल माझ्या हातातून खाली केला. “पत्रक मागून. आधी गाडी.”

मग ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिचा तो आवाज लागला, जो मी लहानपणी बसस्टँडवर ऐकला होता. “अरे थांबा गा! असं दारात लोंबून राहिले त कोणालेच जागा भेटत नाही. ज्याचा नंबर आला तो इकडं. ज्याचा नाही आला तो तिकडं. पैसे भरले का नाही ते मागून पाहू. चला, ओ भाऊ, लाथा मागून मारा, तुमचा नंबर आला का?”

लोक निमूट हलले. वाटेत गाडी बंद पडल्यावर ती असंच करत असणार: कोणाला कुठं उतरायचं ते आधी वेगळं पाडायचं, मग दुसऱ्या गाडीत बसवायचं. आणि मग आम्हा सगळ्यांना ते दिसलं.

‘तिकडं’ सगळी गर्दी. ‘इकडं’ आत्या, कामठीचा एक पॉवरलूमवाला चाचा, गळ्यात क्रॉस घातलेली एक नर्स, आणि एक म्हातारे गृहस्थ, जे मान खाली घालून म्हणाले, “मी नास्तिक वगैरे नाही हो. आरटीओत रांग नव्हती म्हणून.”

 गर्दीतून एक जण ओरडला, “वा रे वा! आमचे पितर आमच्यावर रुसले आन यायच्यावर खूश!”

आणि रडणारे सुद्धा हसले. चाचा तर पोट धरून हसले. “भाई, हमारे वाले भी ऊपर यही बोल रहे होंगे,” ते म्हणाले.

हसू ओसरलं तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं की हसण्यासारखं काही नाही. या धंद्याची रीत अशी: शोरूमवाला यार्डातल्या गाड्या बँकेच्या कर्जावर उचलतो. गिऱ्हाइकानं पैसे दिले की त्यातून त्या गाडीचं कर्ज फेडायचं, गाडी मोकळी करायची, मग गिऱ्हाइकाच्या नावावर करायची. नाव लावायचं ठरलं की फेडणं भाग पडतं. नाव पुढं ढकललं की मधल्या काळात ते पैसे त्याच्याकडे. पितृपक्षाची सूट ही भाविकांवरची मेहेरबानी नव्हती. पंधरा दिवस लोक स्वतःहूनच ‘नाव नको, नाव नको’ म्हणणार, आणि त्या पंधरा दिवसांत त्यांच्या पैशावर बुडणारं दुकान चालणार. कंपनीचं काही खरं नाही याचा वास त्याला आधीच लागला असणार, हा माझा अंदाज. माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून अंदाजच लिहिते. पण अंदाज चूक असेल तर त्यानं फोन उचलावा आणि तसं सांगावं.

कळमेश्वरची ती बाई ‘तिकडं’ होती. नवरा कामावर, ती एकटी आलेली. आत्याकडे तिनं एकदाच पाहिलं आणि नजर वळवली. आत्याही तिच्याकडे पाहू शकली नाही.

दोन दिवसांनी बँकेचा अधिकारी भेटला. भला माणूस, पण बँकेचा. “यार्डातल्या सगळ्या गाड्या आमच्याकडे तारण आहेत. आत्ता काहीच सोडता येणार नाही.”

“माही गाडी माह्या नावावर आहे साहेब.”

“कंपनीच बुडाली मॅडम, सगळं गोठवलंय.”

“मी कंडक्टर होती,” आत्या म्हणाली. “गाडी मधातच बंद पडली त तिकीट बाद होत नाही. पॅसेंजरले दुसऱ्या गाडीत बसवून द्यावं लागते, त्याच तिकिटावर. तुम्ही मले दुसरी गाडीही देऊ नका. माही मले द्या.”

त्यानं कपाळ चोळलं आणि “वर विचारतो” म्हणाला.

वर विचारायला त्याला आठवडे लागले. मधे विजयादशमी आली. आत्या शेअर ऑटोनं आली, नेहमीसारखी, आणि पुढं पायी चालली. मी पत्रकं वाटत होते, या वेळी मोटारींच्या किमतींचं पत्रक, आणि ती माझ्या बाजूला उभी राहून गर्दीकडे पाहत होती. गाडीचं नाव तिनं काढलं नाही. मीही नाही. बाबा मात्र त्या दिवशी ‘सांगितलं होतं’ म्हणाले नाहीत. उलट जाताना म्हणाले, “बँकेत मी येतो सोबत. तू एकटी नको जाऊ.” मला वाटतं, त्या क्षणापासून आम्हाला जरा बरं वाटायला लागलं, गाडी अजून आतच होती तरी.

‘इकडचे’ चौघं, आणि सोबत मी नि बाबा, बँकेत जात राहिलो. ओरडलो नाही, घोषणा दिल्या नाहीत. चाचा डब्यातून खजूर आणायचे आणि अधिकाऱ्यालाही द्यायचे. तो लाजून खायचा. शेवटी एका साध्या मंगळवारी, ना सण ना तिथी, त्याचा फोन आला: नावावर झालेल्या गाड्यांचं कर्ज फिटलेलं आहे, घेऊन जा.

तरी फाटकावर शेवटचा एक होता. यार्डाची देखरेख करणारा ठेकेदार. म्हणे, इतके दिवस गाडी उभी होती, यार्ड चार्ज भरा.

“काहून?” आत्या म्हणाली. “मी उभी केली का? कुलूप कोणाचं आहे?”

“मॅडम, सगळेच देतात...”

“आलं! हे आलंच!” आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, आणि इतकी जोरात हसली की ठेकेदार गोंधळला. अधिकाऱ्यानं हात हलवून त्याला बाजूला केलं. गंजलेलं कुलूप ठेकेदाराकडून उघडवलं, बँकेचं त्यानं स्वतः काढलं.

गाडी धुळीनं माखलेली. आत्यानं दार उघडलं, बसली, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही.  एवढं करून गाडी मेली की काय? नर्सची गाडी शेजारी होती, तीही गप्प. मग कळलं की मोठी बॅटरी ठीक आहे, उभं राहून राहून छोटी बॅटरी उतरली आहे, ती जागी झाली की गाडी जागी होईल. अधिकाऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं, आपली स्वतःची गाडी यार्डात घेतली, डिकीतून तारा काढल्या आणि जोडून दिल्या. चाचा म्हणाले, “बँक ने पहली बार बिना ब्याज के कुछ दिया!” अधिकारी सुद्धा हसला.

डॅशबोर्डवर दिवे लागले. आत्या आरशात बघत बसली. बराच वेळ.

“काय पाहून राहिली?” मी विचारलं.

“मागं कोणी लटकलं त नाही ना, ते.”

मी डॅशबोर्डवर बोटानं दोनदा टकटक केलं, कंडक्टर गाडी सोडताना देतो तशी डबल बेल. “ते माहं काम आहे,” ती म्हणाली, “तू चूप बस,” आणि गाडी निघाली. आवाज न करता, फाटकातून, वर्धा रोडवर. तिचे ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही हात स्टेअरिंगवर. सिग्नलला मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवत ओरडला, “ओ काकू, चला ना!” तर हिनं काच खाली करून, “चालली ना बापा, उडू का?” ऑटोमोटिव्ह चौक मागं पडला, कामठी रोड लागला, तेव्हा कुठं ती टेकून बसली. मला इतकं हलकं वाटत होतं की मी वेड्यासारखी रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. तिनं मला गप्प केलं नाही.

आता ती चालवते. कामठीहून येते, बर्डीला येते, आणि ज्यांना गाडी कोणाला दाखवायची आहे असा प्रश्न पडला होता ते बाबा संत्र्याच्या हंगामात सकाळी फोन करतात, “कळमन्याले सोडून देशील का वं?” ती सोडते. वर सांगते, “सुटे ठेव.”

सगळं गोड झालं असं नाही. कंपनी नाही, म्हणजे वॉरंटी हा नुसता शब्द उरला. बॅटरीचं काय, सुट्या भागांचं काय, कोणाला विचारायचं ते माहीत नाही. उद्या काच फुटली तर काच कुठून आणायची, याचं उत्तर सध्या ‘फोडू नका’ एवढंच आहे. पण गाडी तिची आहे, तिच्या हातात आहे, आणि तेवढ्यानं मला रात्री झोप लागते.

कळमेश्वरच्या बाईला लागत नाही. आम्ही निघालो तेव्हा ती फाटकाबाहेर उभी होती. आत्याची गाडी हलली तशी यार्डात त्या गाडीमागं उभी असलेली एक पांढरी गाडी दिसली, सीटवर प्लास्टिक तसंच, नंबर नसलेली. “ती आमची,” ती म्हणाली. आत्यानं गाडी थांबवली, उतरली, तिचा हात धरला. काय बोलली ते मी ऐकलं नाही. पण तेव्हापासून दर सोमवारी आत्या त्या फाटकासमोर असते. तिची गाडी सुटली आहे, तिला तिथं काही काम नाही, तरी असते.

तर आता तुम्ही, वाचणारे. तुमच्या घरात कोणी गाडी घेत असेल, तर शोरूममध्ये त्याच्या सोबत जा. कागदावरची प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचा आणि जिचा अर्थ सेल्समनला सांगता येत नाही तिचे पैसे देऊ नका. मुहूर्त पाळायचा असेल तर खुशाल पाळा, पण मग पैसेही मुहूर्तालाच द्या. नाव लागल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. आणि येत्या सोमवारी, बँका उघडायच्या वेळेला, तुमचं काही अडकलेलं नसलं तरी, वर्धा रोडवर त्या फाटकासमोर या. कळमेश्वरची ती बाई शाळेतून रजा टाकून उभी असेल. तिच्या बाजूला उभे राहा.